क्रोम पुन्हा पुन्हा ‘पळवला’ जातो तेव्हा: फॉरमॅट न करता घरचा संगणक स्वच्छ करण्याचा क्रम

सर, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. डिचोलीतील तुमच्या घरच्या संगणकावर विंडोज १० आहे. क्रोम उघडला की गूगलऐवजी एक अनोळखी शोधपान येते, काही शोधले की निकालांच्या आधी जाहिरातींची रांग लागते, आणि ब्राउझर बंद असतानाही पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत’ अशा पाट्या उमटतात. क्रोमच्या मेन्यूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असे दिसते, वास्तविक तो संगणक कोणत्याही संस्थेचा नाही. तुमच्या भाच्याने क्रोम काढून पुन्हा टाकला, अँटिव्हायरसने तपासणी केली, त्यात काही सापडले नाही आणि थोड्याच दिवसांत सगळे पुन्हा जसेच्या तसे झाले. दुकानदार आता फॉरमॅट करू म्हणतो. पण भजनी मंडळाचा जमाखर्च, ध्वनिमुद्रणे आणि शाळेच्या काळातील कागदपत्रे त्याच संगणकात असल्याने तुमचे मन तयार होत नाही.

फॉरमॅटची पाळी यावी असे या वर्णनात मला काही दिसत नाही. तुम्हाला दिसणारे ते शोधपान हे फक्त बाहेरचे लक्षण आहे. ते पान परत आणून बसवणारे काहीतरी ब्राउझरच्या बाहेर, विंडोजमध्ये शिल्लक आहे आणि ते शोधल्याशिवाय ब्राउझर कितीही वेळा बदलला तरी उपयोग होणार नाही. म्हणून माझ्या उत्तराचे सूत्र एवढेच आहे की आधी परत आणणारा शोधावा आणि मग परत येणारे काढावे. बहुतेक जण नेमके याच्या उलट करतात आणि कंटाळून फॉरमॅटपाशी येऊन थांबतात.

भाच्याची मेहनत का फुकट गेली, तेही समजून घेण्यासारखे आहे. क्रोम अनइन्स्टॉल करताना ‘ब्राउझिंगचा डेटाही पुसावा’ या चौकटीत खूण केली नाही, तर तुमचे प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलेले छोटे पूरक प्रोग्राम), मुखपृष्ठ आणि निवडलेले शोधयंत्र, ‘अ‍ॅपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमध्ये तसेच राहते आणि नवा क्रोम ते जसेच्या तसे उचलतो. खूण केली आणि नंतर गूगल खात्याने पुन्हा साइन-इन केले, तर सिंकमार्फत, म्हणजे खात्यातील सेटिंग्ज प्रत्येक संगणकावर सारख्या ठेवणाऱ्या सोयीमार्फत, तेच एक्स्टेन्शन खात्यातून परत उतरते. आणि ही दोन्ही दारे बंद केली तरी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, लिहिलेली सक्ती किंवा ठरावीक वेळी आपोआप चालणारे एखादे टास्क शिल्लक असेल, तर ते क्रोमला पुन्हा तिथेच नेऊन सोडते. वारूळ तसेच ठेवून फळीवरची वाळवी झाडावी, तसा हा प्रकार आहे.

अँटिव्हायरस गप्प का राहिला, हेही अनेकांना कोडे वाटते. अ‍ॅडवेअर , म्हणजे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर, बहुधा आपल्याच हाताने आत येते. एखादा मोफत प्रोग्राम टाकताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत जातो तेव्हा मधल्या एका पानावर आधीच खूण केलेली चौकट असते आणि ती तशीच ठेवली की कागदोपत्री आपली संमती झाली असे धरले जाते. त्यामुळे बऱ्याच अँटिव्हायरस कंपन्या अशा सॉफ्टवेअरला व्हायरस न म्हणता ‘नको असण्याची शक्यता असलेला प्रोग्राम’ अशा वेगळ्या वर्गात टाकतात आणि त्या वर्गाची तपासणी पुष्कळदा बंद ठेवलेली असते. यामागे पैसा आहे. तुमचा प्रत्येक शोध त्यांच्या पानावरून वळवला की त्यांना जाहिरातींचे कमिशन मिळते. जून २०१७मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच प्रकाराची माहिती प्रसिद्ध केली. बीजिंगच्या राफोटेक या जाहिरात कंपनीशी जोडलेले ते सॉफ्टवेअर मोफत प्रोग्रामांसोबत पसरत होते आणि मुखपृष्ठ व शोधयंत्र बदलत होते. बाधित संगणक सुमारे २५ कोटी असावेत आणि त्यांत भारतातील संख्या सर्वांत मोठी असावी, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. हा आकडा फुगलेला आहे असे मायक्रोसॉफ्टने नंतर सांगितले. पसरण्याची पद्धत मात्र सर्वांनाच मान्य होती.

आता कामाला लागण्यापूर्वीची तयारी. साफसफाई पूर्ण होईपर्यंत त्या संगणकावर नेटबँकिंग, वीजबिलाचा भरणा किंवा कोणताही पासवर्ड टाकण्याचे काम करू नये. भजनी मंडळाच्या फाइली, छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे एखाद्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत. हे काम फॉरमॅटच्या भीतीने करायचे नसून ते एरवीही व्हायलाच हवे. उतरवताना फक्त दस्तऐवज, फोटो आणि ध्वनिफाइली घ्याव्यात; डाउनलोड फोल्डरातील सेटअपच्या आणि झिप फाइली घेऊ नयेत, कारण मूळ दुखणे बहुधा त्यांतच असते. मालवेअरबाइट्स कंपनीचे ‘अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधन दुसऱ्या, चांगल्या संगणकावर कंपनीच्याच संकेतस्थळाचा पत्ता थेट टाइप करून उतरवावे आणि पेनड्राइव्हने आणावे. बाधित ब्राउझरात त्याचे नाव शोधले, तर ते पळवलेले शोधपान त्याच नावाचे बनावट साधन सर्वांत वर दाखवण्याची शक्यता असते.

तयारी झाली की कोपऱ्यातल्या त्या पाट्या आधी घ्याव्यात, कारण घाबरवतात त्याच सर्वांत जास्त आणि काढायला सोप्याही त्याच आहेत. अशी पाटी पुढच्या वेळी आली की तिच्यावर क्लिक न करता फक्त नीट पाहा. वर बारीक अक्षरांत क्रोमचे नाव आणि त्याखाली किंवा शेजारी एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसेल. तो दिसला, तर ही पाटी व्हायरसची नसून त्या संकेतस्थळाला कधीतरी दिलेल्या परवानगीतून आलेली सूचना आहे. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असे सांगून ही परवानगी काढून घेतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ येथे जावे. परवानगी मिळालेल्या पत्त्यांच्या यादीतील ओळखीचे नसलेले सर्व पत्ते काढून टाकावेत आणि वर ‘संकेतस्थळांना सूचना पाठवू देऊ नये’ हा पर्याय निवडावा. ब्राउझर बंद असताना पाट्या येतात त्या क्रोम पार्श्वभूमीवर चालू राहतो म्हणून. सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’ भागात तो चालू राहू न देण्याचा खटका आहे, तोही बंद करावा. त्या पाट्यांवरील दूरध्वनी क्रमांकावर मात्र कधीही फोन करू नये. मदतनीस म्हणून बोलणारा माणूस एनीडेस्कसारखे प्रोग्राम टाकायला लावून संगणकाचा ताबा घेतो, आणि अ‍ॅडवेअरचा त्रास तिथून थेट बँक खात्यापर्यंत पोहोचतो. कोणी तसा फोन केला असेल आणि पैसे गेले असतील, तर एक क्षणही न दवडता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

यानंतर वाय-फाय बंद करावे आणि विंडोजमध्ये उतरावे. कंट्रोल पॅनेलमधील ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’ उघडून यादी बसवल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाल्याच्या सुमारास, बहुधा एकाच तारखेला, आपण जाणीवपूर्वक न टाकलेले दोन-तीन प्रोग्राम दिसतील. कूपन शोधणारा, पीडीएफ बदलणारा, ड्रायव्हर अद्ययावत करणारा, संगणक ‘वेगवान’ करणारा अशी त्यांची नावे असतात. ते एकेक करून काढावेत. काढताना ‘खरेच काढायचे आहे का’ असे उलटसुलट शब्दांत विचारणारी पाने येतात आणि त्यांवरचे मोठे, रंगीत बटण बहुधा प्रोग्राम ठेवण्याचे असते, म्हणून प्रत्येक पान वाचूनच पुढे जावे.

खरा शोध ‘टास्क शेड्युलर’मध्ये असतो आणि घरगुती दुरुस्तीत नेमका हाच भाग वगळला जातो. स्टार्ट मेन्यूत हे नाव टाइप करून ते उघडा आणि डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’ या सर्वांत वरच्या फोल्डरवर क्लिक करा. आतले ‘मायक्रोसॉफ्ट’ हे उपफोल्डर सध्या सोडून द्या. मधल्या यादीत गूगल अपडेटर, एज अपडेट, वनड्राइव्ह, अ‍ॅडोबी अशी ओळखीची नावे दिसतील. त्यांच्यामध्ये एखादे ‘क्रोम’ शब्दाला काही जोडून केलेले किंवा निव्वळ अक्षरे-आकडे असलेले नाव असेल, तर त्यावर क्लिक करून खालचे ‘ट्रिगर्स’ आणि ‘अ‍ॅक्शन्स’ हे दोन भाग पाहा. ट्रिगर्समध्ये ‘दर दहा मिनिटांनी, अनिश्चित काळ’ असे लिहिलेले असेल, आणि अ‍ॅक्शन्समध्ये ‘पॉवरशेल’ (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचे साधन) हा शब्द, त्यापुढे खिडकी लपवून ठेवण्याची सूचना आणि त्यापुढे अर्थबोध न होणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर तुमचा परत आणणारा सापडला असे समजावे. कोणताही प्रामाणिक घरगुती प्रोग्राम दर दहा मिनिटांनी लपून पॉवरशेल चालवत नाही. २०२२मध्ये पसरलेले ‘क्रोमलोडर’ याच पद्धतीने टिकून राहत होते. फुकटचे खेळ किंवा चित्रपट आहेत असे भासवणाऱ्या आयएसओ फाइलींतून (आख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या फाइलींतून) ते यायचे, एक टास्क बसवायचे, आणि ते टास्क क्रोममध्ये एक्स्टेन्शन घुसवायचे. ते एक्स्टेन्शन काढले तरी टास्कची पुढची वेळ आली की ते पुन्हा हजर व्हायचे.

नाव फसवे असू शकते, म्हणून निर्णय फाइलच्या जागेवरून घ्यावा. अ‍ॅक्शन्समध्ये दिलेला मार्ग ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये जात असेल, तर घाई करू नये. तो ‘अ‍ॅपडेटा’च्या ‘रोमिंग’ किंवा ‘टेम्प’मध्ये, नाहीतर ‘प्रोग्रामडेटा’तील एखाद्या विचित्र नावाच्या फोल्डरात जात असेल, तर संशय घ्यावा, वनड्राइव्हसारखे काही अस्सल प्रोग्रामही ‘अ‍ॅपडेटा’त राहतात, एवढा अपवाद लक्षात असू द्यावा. संशयित टास्क लगेच पुसू नये. आधी त्याच्या मार्गाचा फोटो मोबाइलवर काढावा, टास्क ‘डिसेबल’ करावे, तो फोल्डर प्रत्यक्ष उघडून पाहावा आणि खात्री पटली की टास्क आणि फोल्डर दोन्ही काढावेत. याच बैठकीत टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ची यादीही पाहून घ्यावी. ज्याला थोडी सवय आहे त्याने मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ हे मोफत साधन वापरावे. संगणक सुरू होताना जे जे आपोआप चालते ते सर्व ते एकाच ठिकाणी दाखवते, आणि मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय असल्याने पाहायला उरते ते थोडेच.

आता ती ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ची ओळ. कंपन्या आणि महाविद्यालये आपल्या संगणकांवर क्रोमला काही नियम घालून देऊ शकतात, त्या सोयीचा हा गैरवापर आहे. क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत ‘क्रोम://पॉलिसी’ हा पत्ता इंग्रजी अक्षरांत टाइप करून पाहा. घरच्या संगणकावर तिथे सहसा एकही नियम नसतो. तुमच्याकडे ‘एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट’ असा एक नियम आणि त्यासमोर ३२ अक्षरांची एक ओळख दिसेल, असा माझा कयास आहे. ‘क्रोम://एक्स्टेन्शन्स’ या पानावर उजवीकडे वर ‘डेव्हलपर मोड’ सुरू केला की प्रत्येक एक्स्टेन्शनखाली अशीच ३२ अक्षरे दिसतात आणि त्यांत इंग्रजी वर्णमालेतील पहिली सोळा अक्षरेच असतात. दोन्ही पानांवरची अक्षरे ताडून पाहिली की सक्तीने बसलेले एक्स्टेन्शन कोणते ते निर्विवाद कळते. त्याला ‘रिमूव्ह’चे बटण का नव्हते, याचाही उलगडा तिथेच होतो.

हा नियम रजिस्ट्रीत राहतो. ‘रेजएडिट’ उघडून ‘एचकी लोकल मशीन’, ‘सॉफ्टवेअर’, ‘पॉलिसीज’, ‘गूगल’, ‘क्रोम’ या मार्गाने जावे. तीच वाट ‘एचकी करंट यूजर’खालीही तपासावी. ‘क्रोम’ या किल्लीवर (रजिस्ट्रीतील फोल्डरसारख्या कप्प्यावर) उजवे क्लिक करून ती आधी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावी आणि मगच पुसावी. इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. काही अँटिव्हायरस आणि मुलांवर देखरेख ठेवणारे प्रोग्राम स्वतःचे नियम इथेच लिहितात, त्यामुळे ओळखीच्या नावाचा नियम दिसला तर आधी तो कोणाचा ते पाहावे. आणि घरातील एखादा लॅपटॉप कोणाच्या कार्यालयाचा असेल, तर त्यावरची ही ओळ खरी असते. तिला हात लावू नये. किल्ली पुसल्यावर संगणक पुन्हा सुरू करावा. नियम पुन्हा उमटला, तर तो विंडोजच्या ‘सिस्टिम३२’मधील ‘ग्रुपपॉलिसी’ या लपलेल्या फोल्डरातून येत असतो. घरगुती संगणकावर त्या फोल्डरात जपण्यासारखे सहसा काही नसते; त्याचे नाव बदलून ठेवावे आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘जीपीअपडेट /फोर्स’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. त्यानंतर क्रोमचे ते नियमांचे पान कोरे दिसायला हवे.

डेस्कटॉपवरील क्रोमच्या चित्राकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यावर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’ या चौकटीतील ओळ शेवटपर्यंत, कर्सर उजवीकडे नेत वाचा. ती ‘क्रोम डॉट ईएक्सई’ आणि अवतरणचिन्ह यांवर संपली पाहिजे. त्यापुढे एक जागा सोडून एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता असेल, तर क्रोमच्या सेटिंग्ज कितीही नीट केल्या तरी या चित्रावरून क्रोम उघडताच तेच पान येणार. चौकट लहान असल्याने शेपटी दिसत नाही, म्हणून हे निसटते. शॉर्टकट पुसून नवा करणे हा उत्तम उपाय आहे. टास्कबारवरचा आणि स्टार्ट मेन्यूतलाही पाहावा, आणि एज किंवा फायरफॉक्स वापरत असाल तर त्यांचेही.

आता कुठे ब्राउझरची पाळी येते. एक्स्टेन्शनच्या यादीत ज्याची रोज गरज पडत नाही ते सर्व काढून टाकावे, आधी चांगले असलेलेसुद्धा. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे टॅब झोपवून ठेवणारे, वीस लाखांहून अधिक लोक वापरत असलेले एक्स्टेन्शन मूळ कर्त्याने २०२०मध्ये दुसऱ्याला विकले आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलला ते घातक म्हणून बंद करावे लागले. वापरणाऱ्यांनी मधल्या काळात काहीही नवीन टाकलेले नव्हते. मालक बदलला आणि अद्यतनातून नको ते आले. त्यामुळे ‘हे तर आमच्याकडे वर्षानुवर्षे आहे’ हा विश्वासाचा आधार होऊ शकत नाही. सफाईनंतर क्रोमच्या सेटिंग्जमधील ‘रीसेट’चा पर्याय वापरावा. त्याने मुखपृष्ठ, शोधयंत्र आणि नवे टॅब मूळपदावर येतात, एक्स्टेन्शन बंद होतात, कुकी पुसल्या जातात. बुकमार्क, इतिहास आणि साठवलेले पासवर्ड राहतात. फायरफॉक्समध्ये हेच काम ‘रिफ्रेश’ नावाने होते. घरात त्याच गूगल खात्याने साइन-इन केलेला दुसरा लॅपटॉप असेल, तर त्यावरचेही एक्स्टेन्शन त्याच दिवशी काढावे, नाहीतर सिंक ते परत पोहोचवील.

मग राहतो जोडणीचा मार्ग. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’खाली ‘प्रॉक्सी’, म्हणजे इंटरनेटची ये-जा ज्यामार्फत होते तो मधला संगणक, याची सेटिंग आहे. घरगुती जोडणीत हाताने भरलेली प्रॉक्सी बंद असायला हवी. ‘सिस्टिम३२’मधील ‘ड्रायव्हर्स’, त्यातील ‘ईटीसी’ या फोल्डरात ‘होस्ट्स’ नावाची फाइल असते; कोणते संकेतस्थळ कोणत्या पत्त्यावर न्यायचे ते तिच्यात लिहून ठेवता येते. नोटपॅडने ती उघडल्यावर ज्या ओळींच्या आरंभी ‘#’ चिन्ह नाही अशा ओळींत गूगल, बँक किंवा अँटिव्हायरसची नावे दिसली, तर त्या ओळी काढाव्यात.

घरातील मोबाइलवरही, वाय-फायने जोडला असता, तीच जाहिरातपाने येतात का हे जरूर पाहा. येत असतील तर दोष संगणकात नसून राउटरमध्ये आहे. आपल्याकडे केबलवाल्याने बसवलेले राउटर पुष्कळदा कारखान्यातून आलेल्या पासवर्डवरच वर्षानुवर्षे चालतात. बाहेरच्या कोणी त्यातील डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता सांगणारा सर्व्हर, बदलला, तर घरातली प्रत्येक वस्तू चुकीच्या पत्त्यावर जाते. हे काल्पनिक नाही. नोव्हेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘डीएनएसचेंजर’ची एस्टोनियातील टोळी उघडकीला आणली, तेव्हा शंभरावर देशांतील सुमारे ४० लाख संगणक तिच्या डीएनएस सर्व्हरवर अवलंबून होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्या सर्वांचे इंटरनेट तुटले असते, म्हणून त्यांच्या जागी चालवलेले स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२पर्यंत चालू ठेवावे लागले. राउटरचे पान उघडून डीएनएस ‘आपोआप’ वर ठेवावा किंवा १.१.१.१ अथवा ८.८.८.८ भरावा आणि राउटरचा प्रशासकीय पासवर्ड त्याच वेळी बदलावा. हे जमत नसेल तर केबलवाल्याला समोर बसवून करून घ्यावे. ते त्याचे कामच आहे.

हाताची कामे झाल्यावर अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर चालवावे, म्हणजे नजरेतून सुटलेले अवशेष निघतील. त्याने पकडलेल्या वस्तू आधी विलगीकरणात जातात, त्यामुळे चुकून काही गेले तर परत आणता येते. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’मधील ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ करावे. संगणक पुन्हा सुरू होऊन विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच ही तपासणी होते, म्हणून लपून बसलेले सॉफ्टवेअर तिला अडवू शकत नाही. तिला साधारण पाव तास लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस असल्याशिवाय ती सुरू करू नये. त्याच ठिकाणी ‘अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल’खाली ‘पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग’ हा खटका आहे. तो चालू केला की मघाशी सांगितलेल्या त्या वेगळ्या वर्गातील प्रोग्रामही डिफेंडर अडवू लागतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधने मिळतात.

सगळे झाले की वाय-फाय चालू करून संगणक दिवसभर नेहमीसारखा वापरावा, मध्ये एक-दोनदा पुन्हा सुरू करावा, आणि दुसऱ्या दिवशी नियमांचे पान, टास्कची यादी व शॉर्टकट ही तीन ठिकाणे परत पाहावीत. तिन्ही स्वच्छ असतील, तर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदलावेत आणि गूगल खात्यातील अनोळखी उपकरणे बाहेर काढावीत. पासवर्ड बदलण्याचे काम शेवटीच, सफाईच्या आधी कधीही नाही.

हे आत कसे आले असेल, याचा माझा अंदाज तुमच्याच पत्रात आहे. मंडळाच्या निमंत्रणपत्रिका देवनागरीत टाइप करायला तुम्ही कुठल्याशा डाउनलोड संकेतस्थळावरून मोफत मराठी टायपिंग उतरवले होते, असे तुम्ही लिहिले आहे. आपल्या लोकांच्या संगणकांत अ‍ॅडवेअर येण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. दुसरा म्हणजे अभंग-नाट्यगीतांच्या एमपी३ देणारी पाने. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की असे संगणक माझ्याकडे दिसू लागतात. वास्तविक विंडोज १०मध्ये मे २०१९च्या अद्यतनापासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच आहे आणि इनस्क्रिप्ट तर त्याच्याही पूर्वीपासून आहे; भाषेच्या सेटिंग्जमधून तो घ्यावा, बाहेरून काही आणू नये. जमिनीचा एक-चौदाचा उतारा किंवा वीजबिल काढतानाही शोधनिकालातील पहिल्या, जाहिरात म्हणून आलेल्या दुव्यावर न जाता सरकारी पत्ता स्वतः टाइप करावा किंवा बुकमार्क करून ठेवावा. रोजच्या वापरासाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले वेगळे खाते केले, तर अशा सेटअप फाइलींना निदान पासवर्ड मागावा लागतो. नातवंडे तोच संगणक वापरत असतील तर मी याचा आग्रह धरीन.

विंडोज १०चे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. संगणक विंडोज ११ला पात्र असेल तर सफाईनंतर ते घ्यावे, नसेल तर त्यावर बँकेची कामे न केलेली बरी. फॉरमॅटबद्दल माझे मत असे आहे की पासवर्ड चोरणारे किंवा दुरून ताबा घेणारे सॉफ्टवेअर सापडल्याचे अँटिव्हायरसने स्पष्ट सांगितले, अथवा कोणाला एनीडेस्कने आत येऊ दिले होते असे कळले, तर मात्र फॉरमॅटच करावे. तिथे हातसफाईवर विसंबणे मला पटत नाही. तशा वेळी दुकानदाराने टाकलेले विंडोज अधिकृत आहे ना, आणि सोबत ‘क्रॅक’ केलेले ऑफिस आलेले नाही ना, हे विचारून घ्यावे. तेही एक प्रवेशद्वारच असते.

वरील क्रम करूनही ते पान परत आले, तर क्रोमच्या नियमांच्या पानाचा आणि टास्कच्या ‘अ‍ॅक्शन्स’ भागाचा स्वच्छ फोटो काढून पाठवा, आणि एजमध्येही तोच त्रास आहे की फक्त क्रोममध्ये, तेवढे लिहा. क्रोम, विंडोज आणि राउटर यांपैकी कुठे पाहायचे राहिले आहे, ते त्यावरून सांगता येईल.